बॉक्ससकट पाठवू की नुसतं खेळणं?

जुनी, कलेक्शनमधली खेळणी ऑनलाइन विकणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली आणि फिरून फिरून विषय एकच, मूळ बॉक्सचं करायचं काय. म्हणून हे सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न: माझ्याकडे १९८० च्या दशकातला एक रोबो आहे. मूळ बॉक्स, आतला थर्माकोलचा ट्रे, माहितीपत्रक, सगळं जागच्या जागी. घेणारा म्हणतोय की बॉक्समुळे कुरिअर खूप महाग पडतंय, नुसता रोबो पाठवा आणि बॉक्स राहू दे तुमच्याकडेच. मी हो म्हणू का? खेळणं तर तेच आहे ना?

खेळणं तेच आहे पण माल तोच राहत नाही, म्हणून घाईने हो म्हणू नका. बॉक्स, ट्रे, माहितीपत्रक आणि खेळणं हे चारही एकत्र असणं हाच तुमच्या वस्तूचा भाव आहे आणि एकदा ते वेगळे झाले की पुन्हा जुळत नाहीत, कारण त्या काळी मुलांनी बॉक्स फाडून फेकून दिले आणि खेळणी ठेवली, त्यामुळे आज नुसते रोबो बाजारात सापडतात पण चांगला बॉक्स सहज सापडत नाही. रिकामे बॉक्स आणि रिकामे ट्रेसुद्धा लोक वेगळे विकत घेतात. म्हणजे तुमचा बॉक्स हा पॅकिंगचा भाग नाहीये, तो विकायच्या मालाचा भाग आहे, आणि इथून पुढे जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीवर उभं आहे.

खर्चाचं मात्र घेणाऱ्याचं बरोबर आहे. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी ५००० ने भागायचं (कुठे कुठे हा आकडा वेगळा असतो, आधी विचारून घ्या). समजा मूळ बॉक्स ३० बाय २० बाय १० चा आहे. सगळ्या बाजूंनी ५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवून बाहेरचा खोका घेतला तर तो ४० बाय ३० बाय २० होतो, म्हणजे २४००० भागिले ५००० बरोबर ४.८ किलो, भले आतला माल दीड किलोच भरू दे. तोच रोबो सुटा, २० बाय १५ बाय १० च्या खोक्यात बसत असेल तर हिशोब ०.६ किलोचा होतो, मग प्रत्यक्ष वजनच लागू होईल. फरक मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही, पण तो घेणाऱ्यासमोर दोन पर्याय म्हणून ठेवा, बॉक्ससकट इतकं आणि बॉक्सशिवाय इतकं, दोन्हीकडे वस्तूची किंमतही वेगळी. बॉक्सशिवाय घ्यायचं ठरलं तर बॉक्स तुमच्याकडे राहणार हे लेखी येऊ दे, नाहीतर महिन्याभराने "आता बॉक्स पण पाठवा" असा मेसेज हमखास येतो.

मधला एक मार्ग लोक सुचवतात, बॉक्स उलगडून चपटा करायचा आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून खेळण्याबरोबर पाठवायचा. साधा बॉक्स असेल, कारखान्यातल्या घड्यांवरच आपोआप मिटत असेल आणि घेणाऱ्याने स्वतः मान्य केलं असेल तर चालतं. जोडायच्या प्लास्टिकच्या विटांच्या सेटचे वापरलेले बॉक्स असे सर्रास जातात. पण जुना पुठ्ठा कोरडा पडलेला असतो, घडीवर तडकतो आणि छपाईचा रंग पापुद्र्यासारखा उडतो, चिकटवलेली कड सुटते, आणि पुढे पारदर्शक खिडकी असेल तर ती दुमडताना हमखास चिरते. तुमच्या रोबोच्या बाबतीत थर्माकोलचा ट्रे तर चपटा होणारच नाही, त्यामुळे मी तरी तुम्हाला हा मार्ग सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट, रोबोत धातूचे भाग असतील तर तो बॉक्समध्ये ठेवून पाठवणं नेहमीच सुरक्षित नसतं. पार्सल पडलं की जड खेळणं आतून बॉक्सच्या झडपांवर आदळतं आणि बॉक्स आतूनच फाटतो. सील उघडलेलंच असेल तर रोबो बाहेर काढून वेगळा गुंडाळा, ट्रे बॉक्समध्येच राहू दे, रिकाम्या जागेत टिश्यू पेपर हलक्या हाताने भरा म्हणजे बॉक्स दबणार नाही, आणि दोन्ही एकाच मोठ्या खोक्यात मध्ये पुठ्ठ्याचा पडदा घालून ठेवा. उघडताना दोन्ही बघा अशी चिठ्ठी वरच ठेवा.

प्रश्न: कार्डवर चिकटवलेली, न उघडलेली छोटी गाडी आहे. बबलचं पाकीट पुरेल का?

नाही पुरत. सगळं वजन ब्लिस्टरमध्ये, म्हणजे कार्डावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या फुगवट्यात, एका जागी असतं आणि बाकी कार्ड नुसतं पातळ, त्यामुळे जरा दाब आला की कार्ड ब्लिस्टरच्या कडेनेच मोडतं, आणि पाकीट दाब अडवत नाही. आधी कार्डाच्या मापाची पारदर्शक कडक केस मिळाली तर ती घाला. नसेल तर कार्डापेक्षा प्रत्येक बाजूला एक-दीड सेंटीमीटर मोठे दोन कॉरुगेटेड (आत नाळ्यांचा नागमोडी थर असलेले) पुठ्ठे कापा, एकाच्या नाळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून मागे लावा म्हणजे कुठल्याच दिशेने वाकणार नाही, आणि पुढून ब्लिस्टरच्या चारही बाजूंना ब्लिस्टरपेक्षा उंच पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करा म्हणजे दाब त्या पट्ट्यांवर येईल. मग खोका. कोपरे मऊ पडले की ग्रेड, म्हणजे अवस्था बघून ठरवलेला दर्जा, उतरते आणि संग्राहक कोपरे भिंगाखाली बघतात हो.

कार्डाचं टांगायचं भोक फोडलेलं नसेल तर तेही जपा, त्याचे वेगळे पैसे मिळतात. दुकानाचं जुनं किमतीचं लेबल असेल तर ते काढायला जाऊ नका, त्याखालची छपाई त्याच्याबरोबर निघून येते. आणि जुन्या ब्लिस्टरचा गोंद वाळलेला असतो, त्याची कड आधीच सुटायला लागलीये का ते बघून फोटोत दाखवा. एखाद्या ग्रेडिंग संस्थेने अॅक्रिलिकच्या केसमध्ये बंद करून दिलेला पीस असेल तर केसलाच आधी मऊ पातळ फिल्म गुंडाळा, कारण ती केस चरे पकडते, कोपऱ्यावर पडली तर तडकते, आणि मग घेणारा म्हणतो पुन्हा ग्रेडिंग करून द्या.

प्रश्न: बॉक्स मुळातच नाहीये, सगळ्या सुट्या फिगर (पात्रांच्या छोट्या बाहुल्या) आणि गाड्या आहेत. मग तर काळजी नको ना?

सुट्याला काळजी वेगळी लागते, कमी नाही. आता कुठलाच पुठ्ठा मध्ये नाही, त्यामुळे जे काही लागेल ते थेट रंगाला लागतं.

हॉट व्हील्सच्या १९६८ ते १९७७ मधल्या लाल रेघेच्या टायरवाल्या गाड्या घ्या. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांचा रंग चकचकीत धातूवर पारदर्शक थर दिल्यासारखा आहे, त्यावर टवका उडाला की लगेच दिसतो, आणि दोन गाड्या एका पिशवीत टाकल्या की एकमेकींचा रंग त्याच उडवतात. प्रत्येक गाडी वेगळी. आधी आम्लमुक्त टिश्यू पेपर, मग बबल रॅप, आणि बबलची बाजू बाहेर. उन्हात तापलेल्या गाडीतून पार्सल जातं तेव्हा मऊ व्हिनाइलवर बबलचे गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. वर्तमानपत्र नको, शाई लागते. रबरबँड तर मुळीच नको, ते प्लास्टिकला चिकटून बसतात आणि डाग सोडतात.

मऊ रबरी टायर किंवा व्हिनाइलची बाहुली कडक पॉलिस्टायरीनच्या पृष्ठभागाला टेकून ठेवू नका, मऊपणासाठी त्यात घातलेलं रसायन बाहेर येतं आणि समोरचं प्लास्टिक विरघळल्यासारखं होतं. मध्ये टिश्यू असू दे. पत्र्याच्या खेळण्याबरोबर सिलिका जेलची पुडी टाका पण रंगाला चिकटवून नको.

छोट्या बंदुका, तलवारी, हेल्मेटं प्रत्येक फिगरच्या स्वतंत्र झिप पिशवीत घालून ती पिशवी मोठ्या पिशवीत ठेवा, टेपने फिगरच्या हाताला चिकटवू नका. घेणाऱ्याने खोका उघडून पॅकिंगचा कचरा टाकला आणि त्यात तलवार गेली हे नेहमी होतं, म्हणून आत काय काय आहे त्याची यादी द्या. आणि यातली एखादी बंदूक नंतर बनवलेली नक्कल असेल तर तसं स्पष्ट लिहा. नक्कल विकणं वाईट नाही, न सांगता विकणं वाईट. छापून बनवलेल्या नव्या बॉक्सलाही हेच लागू.

प्रश्न: मूळ बॉक्स मजबूत आहे, त्यावरच पत्ता चिकटवून पाठवला तर?

नको. कृपा करून नको. लेबल, टेप, कुरिअरचे शिक्के, सगळं मालावर येतं.

यात एक जागा अशी आहे जिथे चांगले जाणकारही फसतात. पोस्टाने मागवायच्या खेळण्यांचा मूळ बॉक्स हा साधा पांढरा किंवा खाकीच असायचा. १९७७ च्या ख्रिसमसला केनर या अमेरिकन खेळणी कंपनीच्या स्टार वॉर्सच्या फिगर तयारच झाल्या नव्हत्या, तेव्हा कंपनीने पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत एक सर्टिफिकेट, ते पाठवलं की १९७८ मध्ये चार फिगर घरी येणार. त्या फिगर ज्या साध्या पांढऱ्या खोक्यात आल्या तो खोका दिसायला काहीच नाही, आणि आज संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. त्यामुळे जुन्या खेळण्याबरोबर निघालेला साधा खोका आधी नीट तपासा, आणि त्याच्यावर नवा पत्ता तर बिलकूल नको.

प्रश्न: सीलबंद बॉक्स आहे. घेणारा म्हणतो उघडून आतले फोटो पाठवा.

उघडू नका. सील गेलं की परत येत नाही. सगळ्या बाजूंचे, सीलच्या टेपचे, खिडकी असेल तर तिच्यातून उजेड पाडून फोटो द्या, बॉक्सचं वजन सांगा. तरी हवंच असेल तर आधी पूर्ण पैसे घ्या, आणि उघडलेल्या मालाला परतावा नाही हे लेखी ठरवून मग त्याच्या सांगण्यावरून उघडा.

प्रश्न: परदेशात पाठवायचंय. फॉर्मवर "गिफ्ट" लिहा आणि किंमत कमी दाखवा असं घेणारा म्हणतोय. आत बॅटरी पण आहे.

विकलेली वस्तू गिफ्ट नसते, खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, आणि वर पार्सल हरवलं तर भरपाई तुम्ही लिहिलेल्या त्या कमी किमतीचीच मिळणार. खेळण्यांचा कस्टम्सचा कोड ९५०३ ने सुरू होतो, तो लिहा, खरी किंमत लिहा, वापरलेलं असेल तर वापरलेलं लिहा. शंभर वर्षांहून जुनं असेल तर ते पुरातन वस्तूंच्या ९७०६ मध्ये जाऊ शकतं, काही देशांतून तशा वस्तू बाहेर पाठवायला परवानगीही लागते.

साधे सेल काढूनच टाका, ते गळतात आणि आतल्या पट्ट्या खातात. लिथियमच्या बॅटरीला विमानाचे वेगळे नियम आहेत, १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात सुटी लिथियम-आयन बॅटरी माल म्हणून चालत नाही, आणि खेळण्याच्या आत बसवलेली असेल तरी कुरिअरला सांगावंच लागतं.

प्रश्न: पार्सल पोचलं, खेळणं ठीक, पण बॉक्सचा एक कोपरा दबलाय म्हणून घेणारा सगळे पैसे परत मागतोय. बॉक्सवर एवढं?

तुम्ही जाहिरातीत "मूळ बॉक्ससह" लिहून त्याचे पैसे घेतले असतील तर कोपरा दबणं म्हणजे माल खराब होणंच आहे, त्याची तक्रार खरी आहे. पण सगळे पैसे परत द्यायचे की काही भाग, हे कोपरा आधी कसा होता यावर ठरेल. पाठवण्याआधी सहाही बाजू आणि आठही कोपऱ्यांचे फोटो काढले असतील तर ते दाखवा, आणि त्याच्याकडून बाहेरच्या खोक्याचे फोटो मागा. बाहेरचा खोका त्याच जागी दबलेला असेल तर कुरिअरकडे दावा करता येतो, म्हणून त्याला सांगा की खोका, आतलं भरण, काहीही टाकू नको, तपासणीला मागतात. बाहेरचा खोका धडधाकट आणि आतलाच कोपरा दबलाय तर मात्र पॅकिंग सैल होतं, खेळण्याचा बॉक्स आत सरकत होता, आणि तो दावा कुरिअर मान्य करणार नाही. तिथे तुम्हीच तडजोड करा, किमतीतला बॉक्सचा जो भाग होता त्यातून काही परत द्या. पुढच्या वेळी खोका बंद केल्यावर हलवून बघा, आतून आवाज आला की उघडून आणखी भरा.