मैदान कोणाला दिलं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल मी माझ्या दोन्ही पोरींना घेऊन शेवटपर्यंत बघितली. जिंकल्यावर रात्री बाराला गल्लीत दिवाळीचे उरलेले फटाके वाजवले, घरातला तिरंगा गच्चीवर नेला, आणि खरं सांगतो मला रडू आलं. सकाळी पुतण्या म्हणे, काका, खेळल्या त्या, पैसा बोर्डाचा, स्टेडियम नवी मुंबईचं, तुम्ही काय केलं त्यात? मला उत्तरच सुचलं नाही. माझा अभिमान फुकटचा आहे का?
*एक वाचक, अमळनेर*

उत्तर : भाऊ, फुकटचा अजिबात नाही. आपल्याकडे लग्न चुलतभावाच्या पोरीचं असतं पण वरण-बट्टीच्या पंगतीला अख्खी भाऊबंदकी खांद्यावर टॉवेल टाकून वाढायला उभी राहते ना, आणि पाहुणा पोटभर जेवून गेला की ज्यानं नुसतं पाणी वाढलं त्याचीही छाती फुगते. तिथे कोणी विचारत नाही की बाबा, तुझे किती पैसे लागले. घर आपलं म्हणून कार्य आपलं. वर्ल्ड कप आपल्या दारात झाला (काही मॅच कोलंबोला झाल्या, पण यजमान आपणच), तेव्हा तुमच्या डोळ्यात पाणी येणं मला तरी अगदी रास्त वाटतं.

पुतण्याला मात्र गप्प बसवू नका, कारण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर २०१३ मध्ये आहे. त्या वर्षीही हा वर्ल्ड कप भारतातच होता. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर ठरलेल्या मॅच तिथून हलवल्या, का, तर त्याच दिवसांत पुरुषांची रणजी फायनल वानखेडेवर आली होती. म्हणजे जगभरच्या टीम आपल्या घरी आलेल्या आणि मुख्य खोलीतून पोरींना उठवून बाजूच्या खोलीत बसवलेलं. आपली टीम श्रीलंकेकडून हरली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली, फायनल मुंबईतल्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजची झाली. गावात कोणाला पत्ताही नव्हता. मला ते आजही टोचतं, कारण मीच तेव्हा एका शाळेत पोरींना खेळ शिकवत होते आणि एकाही पोरीला सांगितलं नाही की अगं, आपल्याच देशात वर्ल्ड कप चालू आहे.

यजमान तर आपण १९७८ लाही होतो, तेव्हा तिन्ही मॅच हरलो, १९९७ लाही होतो, तेव्हा सेमीफायनलला थांबलो. २०२५ ही चौथी वेळ. मधल्या काळात काय बदललं ते पुतण्याला सांगा. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट बोर्डानं मॅच फी बायकांना पुरुषांइतकीच केली, वनडेला ६ लाख. २०२३ पासून डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएल, सुरू झाली. या वर्ल्ड कपची तिकिटं १०० रुपयांपासून ठेवली. मग फायनलच्या दिवशी पावसानं मॅच दोन तास उशिरा सुरू होऊनही डी. वाय. पाटील स्टेडियम भरलेलं राहिलं, लोक लेकरांना मांडीवर झोपवून बसले होते. शेफालीचे ८७, दीप्तीचं अर्धशतक आणि वर ५ विकेट, समोरच्या दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ट शंभर करून गेली तरी आपण ५२ रननी जिंकलो आणि शेवटचा कॅच आपली कॅप्टन हरमननं मागे पळत जाऊन घेतला. मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट त्यानंतरची. ट्रॉफी हातात आल्यावर या पोरी झूलन आणि मिताली या आपल्या जुन्या खेळाडूंकडे गेल्या आणि त्यांच्या हातात दिली. त्या दोघींनी २००५ आणि २०१७ अशा दोन फायनल हरलेल्या. ते बघून मी टीव्हीसमोर उभीच राहिले.

तर भाऊ, देशानं पोरींना मैदान दिलं, भर रविवारी रात्री दिलं, म्हणून हा अभिमान खरा आहे. आता तुमच्याकडे या. तुमच्या दोन पोरी संध्याकाळी कुठे खेळतात? मी लहान होते तेव्हा आमच्या गावच्या मैदानावर पाच वाजेपर्यंत आम्ही आणि पाचला पोरं आली की आम्ही बांधावर. सुगीत तर निम्म्या मैदानावर मका नाहीतर दादर ज्वारी वाळत पडलेली, मग उरलेला तुकडा पोरांचा हे सांगायचीही गरज नव्हती, आम्ही आपापल्या उठायचो. आमची एक मैत्रीण धोपाटणं घेऊन बॅटिंग करायची, कसला हात होता तिचा! नववीत लग्न झालं. तुम्ही गल्लीतल्या चार बापांना घेऊन ग्रामपंचायतीकडे नाहीतर शाळेच्या हेडमास्तरांकडे जा आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदान पोरींचं असं ठरवून घ्या. पुढचं विचारायचं तर आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतात, मुलींसाठी १५ वर्षांखालच्या गटापासून टीम असते, निवड चाचणी कधी आहे ते जिल्हा संघटनेत जाऊन विचारा. मग पुतण्या म्हणाला ना, काका तुम्ही काय केलं, तर त्याला मैदानावर घेऊन जा.

प्रश्न : १९८२ चं एशियाड आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलं, तेव्हाही ऊर भरून आलेला. २०१० ला कॉमनवेल्थ झालं. आता २०३० चं कॉमनवेल्थ अहमदाबादला. एवढा खर्च करून मागे काय उरतं?
*निवृत्त शिक्षक, धुळे*

उत्तर : सर, एशियाडनं दिल्लीला स्टेडियमं दिली, देशाला रंगीत दूरदर्शन दिलं आणि १०० व २०० मीटरला सिल्व्हर घेणारी पी. टी. उषा दिली. २०१० ची आठवण कडू आहे हे मान्य. उद्घाटनाला दोन आठवडेही नव्हते आणि नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, मजूर जखमी झाले, त्याची लाज वाटायलाच हवी आणि मला अजून वाटते. पण त्याच स्पर्धेत आपली १०१ मेडल होती. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत १०,००० मीटरला ब्राँझ घेऊन आली, पाड्यावरची पोर हो, आणि दिल्लीच्या त्या भरलेल्या स्टेडियमनं तिला टाळ्या दिल्या. लाज आणि अभिमान दोन्ही एकाच वेळी बाळगता येतात सर. २०३० ला अहमदाबाद आपल्याला ताप्ती लाईनच्या गाडीनं जाण्यासारखं आहे, सातपुड्यातल्या पोरापोरींना दोन दिवस तिथे नेऊन बसवता आलं तर बघा, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांत कोणी ना कोणी गाडीभाडं देईलच.

प्रश्न : ताई, मी आठवीत आहे. खो-खोचा वर्ल्ड कप पण भारतातच झाला आणि आपण जिंकलो तरी कोणी फटाके वाजवले नाहीत. मला खूप वाईट वाटलं.
*एक खेळाडू, शहादा*

उत्तर : बेटा, मलाही वाटलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर पहिलाच खो-खो वर्ल्ड कप झाला, पोरी आणि पोरं दोन्ही टीमनी फायनलला नेपाळला हरवलं, पोरींनी तर ७८-४० असं, आणि दोन्ही कॅप्टन, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. ज्या खेळाला आपल्याकडे "शाळेतला खेळ" म्हणून सोडून देतात तो खेळायला परदेशातल्या टीम आल्या होत्या, मॅटवर बसून एकमेकांना "खो" देत होत्या, ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. तू वर्गात उभी राहून सगळ्यांना हे सांग, सर ओरडणार नाहीत. गॅदरिंगला दोन्ही कॅप्टनचे फोटो लावा. तुमच्या शाळेत खांब पक्के रोवलेत की दरवेळी काढून ठेवतात ते मला पुढच्या पत्रात कळव. जमिनीवर १२० सेंटीमीटर तरी यायला हवेत आणि गुळगुळीत हवेत, नाहीतर वळताना हात सोलतो. काढून ठेवत असतील तर सरांचं नाव कळव, मी त्यांना स्वतः पत्र लिहिते.