सॅकमध्ये कोयता सापडला, आता काय करू?

सांगलीत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो. कधी कोयता असतो, कधी ऑनलाइन मागवलेला सुरा, कधी मित्रानं 'दोन दिवस तुझ्याकडं ठेव' म्हणून दिलेली तलवार. विचारायला बहुतेक वेळा आई येते आणि घरी कुणाला न सांगता येते. अशाच एका आईची गोष्ट लिहिते आहे. तिची आणि तिच्या मुलाची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कुटुंब तासगावकडचं. थोडा ऊस, गोठ्यात जनावरं. मुलगा बारावीला, कॉलेजला रोज एसटीनं सांगलीत येणारा. पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावणारा. अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी. आईनं डबा ठेवायला सॅक उघडली आणि पुस्तकांच्या मागं टॉवेलात गुंडाळलेला कोयता निघाला.

"आमच्याच गोठ्यातला हाय ओ मॅडम, ऊस तोडायचा. आपलाच कोयता जवळ ठेवला तर गुन्हा कसा हुईल?" असं तिनं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढचं विचारलं, "कृष्णेत टाकून देऊ का?"

तिचा पहिला प्रश्न अजिबात भाबडा नव्हता. आपल्या भागात ज्याच्या घरी ऊस, त्याच्या घरी कोयता. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. नियमांमधल्या यादीत तलवार, खंजीर, भाला आहेत. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेले चाकू-सुरेही आहेत, पण तिथंही शेती, घरकाम, उद्योग यांसाठीची अवजारं बाजूला ठेवली आहेत. म्हणजे गोठ्याच्या आढ्याला खोचलेला कोयता हे अवजारच.

पण तोच कोयता कॉलेजच्या सॅकमध्ये, टॉवेलात दडवून, ऊस नसलेल्या ठिकाणी निघाला की गोष्ट बदलते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. सण, मिरवणुका, निवडणुका, आंदोलनं यांच्या आगेमागे 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू' अशी छोटी बातमी येते, ती हीच. आदेशाच्या काळात तलवार, भाला, बंदूक, सुरा, लाठीच काय, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर बाळगायला बंदी घालता येते. इथं कोयता शेतीचा होता हे सांगून सुटका होत नाही. पोलीस ती वस्तू काढून घेऊ शकतात, ती सरकारजमा होते, आणि कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. न्यायालयानं वेगळी कारणं नोंदवली नाहीत तर कैद किमान चार महिन्यांची. बातम्यांत 'शस्त्र अधिनियम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१), १३५' ही जोडी वाचायला मिळते. पोलीस बऱ्याचदा दोन्ही लावतात. अवजार होतं की शस्त्र, हा वाद पुढं कोर्टात चालतो आणि तोवर घरादाराची परवड होते.

नदीत टाकायच्या विचाराबद्दल मी तिला लगेच थांबवलं. कोयता कशात वापरला गेला आहे का हे आधी कळायला हवं होतं. वापरला असेल आणि आपण तो नाहीसा केला, तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा आईच्या अंगावर येतो. "धुऊ नका, टाकू नका, कुणाला देऊ नका. आज त्याला सॅक न घेता घरी थांबवा, आणि संध्याकाळी त्याला घेऊन या."

निघताना तिनं दारातून विचारलं, "तुम्ही पोलिसांना सांगणार का?" हे विचारायची हिंमत फार कमी जण करतात, आणि याचं सरळ उत्तर आधीच द्यायला हवं असं माझं ठाम मत आहे. मी सांगितलं: इथलं बोलणं इथंच राहतं, पण कुणाचा जीव धोक्यात आहे असं मला दिसलं, तर मी गप्प बसणार नाही आणि हे त्यालाही तोंडावर सांगेन.

संध्याकाळी तो आला. खुर्चीच्या कडेवर बसला. मी पहिल्यांदा माझी तीच अट सांगितली आणि मग आडवळण न घेता विचारलं, "कुणाला मारायचं ठरवलं आहेस का?" पालकांना वाटतं असं थेट विचारलं तर पोराच्या डोक्यात ते भरेल. माझा अनुभव उलट आहे. घाबरलेल्या मुलाला कुणीतरी हे स्पष्ट विचारावं असं वाटत असतं.

तो नाही म्हणाला. बराच वेळ मध्ये गेला, मग हळूहळू बाहेर आलं. एका रीलखाली यानं काहीतरी लिहिलं होतं. समोरच्या पोरांनी स्टँडजवळ गाठून कानाखाली मारली आणि 'परत दिसलास तर बघून घेतो' म्हणाले. त्यातल्या एकाकडं सुरा असतो अशी कॉलेजात चर्चा. "बाहेर काढणार नव्हतो मॅडम. नुसता जवळ असला की बरं वाटतं. नाहीतर स्टँडवर उतरल्यापासनं पोटात गोळा येतो."

शस्त्र घेऊन फिरणारी जी मुलं माझ्याकडं येतात, त्यातली बरीचशी या 'बरं वाटतं'पाशी सापडतात. गुंडगिरीची हौस असलेली असतातच, रीलवर तलवारीनं केक कापणारीही असतात. पण या मुलाला आधी दम द्यायचा नव्हता, त्याची भीती खरी मानायची होती. मार खाल्लेलं पोर आहे ते. घरी सांगितलं नाही, कारण वडील म्हणाले असते, 'तू काय केलंस?'

भीती खरी मानली, आणि मगच कायदा सांगितला. भीतीपोटी बाळगला म्हणून कलम बदलत नाही. बरोबर मित्र असतील, एकत्र जमलेले पाच किंवा जास्त झाले आणि हेतू मारामारीचा ठरला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ खाली बेकायदेशीर जमाव होतो. मग सॅक एकाची असली तरी फरफट सगळ्यांची. धारदार शस्त्रानं एखाद्याला गंभीर दुखापत झाली तर कलम ११८ खाली शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. तो ऐकत होता, पण भरतीचा विषय निघाल्यावर त्याची मान वर आली. "अठराच्या आत पकडलं तर भरतीला अडचण येती का?"

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ प्रमाणे, अठरा वर्षांच्या आत घडलेल्या गोष्टीमुळे एरवी पुढं अपात्रता येत नाही. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्या माणसासारखा खटला चालून तो दोषी ठरला, तर मात्र ही सवलत नाही. वय घटनेच्या दिवशीचं धरलं जातं. पण हे ऐकून तो सैलावायला लागला तेव्हा मी त्याला त्याची जन्मतारीख विचारली. काही महिन्यांनी तीच सॅक, तोच कोयता, आणि समोर नेहमीचं फौजदारी कोर्ट. चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा दिसणार. त्यानंतर तो पुन्हा खुर्चीला टेकून बसला नाही.

आईला झडतीची धास्ती होती. "नाकाबंदीत कुणाचीबी पिशवी बघतात का? मारतील का ओ?" झडतीच्या अधिकाराला कारण जोडलेलं असतं. अटक केली तर अंगझडती घेता येते, तपासात गरज पडली तर कारणं लिहून ठेवून जागेची झडती घेता येते, आणि संशयास्पद रीतीनं शस्त्र घेऊन जाणाऱ्याला शस्त्र अधिनियमाखाली वॉरंटशिवाय पकडता येतं. अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. बाईची झडती बाईच घेणार, तीही मर्यादा राखून. घराची झडती असेल तर परिसरातले दोन स्वतंत्र पंच लागतात, जप्तीची यादी लागते आणि तिची प्रत मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं, आणि ते मोबाइलवरही चालतं. मारण्याचा अधिकार कोणत्याही कलमात नाही.

मुलाला मात्र मी वेगळं सांगितलं. पोलिसांनी थांबवलं तर पळू नकोस, हिसका देऊ नकोस, हात दिसतील असे ठेव. नाव आणि वय खरं सांग, घरी फोन करू द्या म्हण, न वाचता सही करू नकोस. हक्कांचा वाद रस्त्यावर घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. तो वकिलानं कोर्टात घालायचा असतो. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर त्याच्यावर एरवी एफआयआरही होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडं जातो. हे ऐकल्यावर आईनं पहिल्यांदा पाणी मागितलं.

मी वकील नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं पाठवलं. बायकांना आणि मुलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. कोयता कशात वापरलेला नव्हता, म्हणून तो होता तिथं, गोठ्यात राहू दे असं सांगितलं.

वडिलांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते माझ्यासमोर मुलावर ओरडले. थांबल्यावर मी फक्त एवढं विचारलं, "त्याला मारलं होतं हे तुम्हाला कधी कळलं?" ते काही बोलले नाहीत. पण पोलीस ठाण्यात मुलाबरोबर तेच गेले. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या अधिकाऱ्याकडं स्टँडवरच्या मारहाणीचा आणि धमकीचा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. समोरच्या मुलांच्या पालकांना बोलावलं गेलं. कॉलेजच्या प्राचार्यांनाही वडील भेटले.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. त्या पोरांपैकी एकाचे टोमणे बरेच दिवस चालू होते. मुलानं काही आठवडे आधीची एसटी धरली, सोबत गावातला एक मित्र घेतला. पोटातला गोळा लगेच गेला नाही. त्यावर आम्ही पुढचे काही महिने काम केलं: स्टँडवर उतरताना श्वास, कुणाशी नजर भिडली तर काय करायचं, फोन कुणाला लावायचा. सॅक रोज रात्री आईसमोर भरायची, ही अट त्यानं स्वतः घातली.

तुमच्या घरी असं काही सापडलं असेल आणि त्यावर रक्ताचा डाग असेल, किंवा ते दुसऱ्यानं ठेवायला दिलेलं असेल, तर या मुलाचा मार्ग तुम्हाला तसाच लागू पडणार नाही. वस्तूला हात लावू नका, मुलाला एकटं सोडू नका, आणि आधी वकिलाशी बोला. विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे. मुलगा जिवाला घाबरलेला असेल, तर त्याला कुणी मारलं का हे त्याच दिवशी विचारा.