पेन्शनला वीस महिने राहिलेत आणि मिस्टर फौज सोडायची म्हणतात

ताई, माझे मिस्टर फौजेत नायक आहेत. सर्व्हिस १३ वर्षं ४ महिने झाली. मार्चमध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. घरी मी, सासूबाई आणि दोन लहान मुलं. त्यात मिस्टरांचं पलटणीत एका साहेबांशी वाजलंय. ‘तुझी भाषा चांगली आहे, राजीनामा तूच लिहून पाठव’ म्हणतात. लिहिलाय, सोबत जोडते. पण उद्या घरी बसल्यावर ‘तुझ्यामुळे नोकरी सोडली’ म्हणाले तर?
– एका फौजीची बायको, खटाव तालुका

तुझा मसुदा वाचला. पहिलं वाक्य आधी खोड: ‘वरिष्ठांच्या जाचाला कंटाळून व घरगुती अडचणींमुळे राजीनामा देत आहे.’ जाच खरा असेल तर त्याची दाद मागायची वाट वेगळी आहे, आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली तक्रार करता येते. आणि नुसतं वाजलं असेल तर त्याचं काय एवढं? फौजेत लंगरातल्या डाळीवरूनही वाजतं. सोडण्याच्या अर्जात हे घातलंस तर सासऱ्यांचं आजारपण बाजूला पडेल आणि सगळी चौकशी भांडणाचीच होईल.

शिवाय जवान राजीनामा देत नाही, तो स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मागतो. १९५४ च्या आर्मी रूल्समधला नियम १३ त्यासाठी आहे. मंजुरी देताना कमांडिंग ऑफिसरने दोन गोष्टी पाहायच्या असतात: मागणी रास्त आहे का, आणि हा माणूस गेल्याने युनिटचं संख्याबळ फार घटत नाही ना. म्हणजे अर्ज वाचणाऱ्याला काय हवं ते स्पष्ट आहे. ‘वडील अमुक तारखेपासून अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना उचलून बसवेल असं घरात दुसरं कोणी नाही. बायको दोन मुलं सांभाळून एकटी हे करते.’ बस. ‘जड अंतःकरणाने’ वगैरे काढून टाक. दवाखान्याचे कागद जोडा, आणि गावात विचारपूस झाली तर घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच असू दे.

पण मी तुझ्या जागी असते तर हा अर्ज आज पाठवलाच नसता. जवानाच्या पेन्शनला १५ वर्षांची सर्व्हिस लागते. त्याआधी स्वतःहून बाहेर पडला तर फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात येतील, पण महिन्याची पेन्शन नाही. पेन्शन मिळण्याआधी स्वतःच्या विनंतीने सुटलेल्याला माजी सैनिकही धरत नाहीत. मग ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, औषधपाणी गेलं आणि राज्य सरकारच्या क आणि ड गटातल्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना असलेलं १५ टक्के आरक्षणही गेलं. वीस महिन्यांसाठी एवढं सोडायचं? १५ वर्षं भरल्यावरही स्वतःहून सुटलेल्यांना २०१५ च्या आदेशाने वन रँक वन पेन्शनमधून (सारखा हुद्दा, सारखी सर्व्हिस, तर पेन्शनही सारखी) वगळलंय. त्यावर न्यायाधिकरणात भांडणं झाली आहेत, पण ‘मिळेलच’ असं धरून घराचा हिशेब मांडू नका.

मग आत्ता काय? घरच्या कारणासाठी जवळची पोस्टिंग मागता येते, तो अर्ज आधी करू दे. कागद तेच, कारण तेच, फक्त मागणी वेगळी. शिल्लक सुट्टी एकदम न घेता तुकड्यांनी घ्यायची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तू स्वतः जाऊन ये, मुलांना सासूबाईंकडे ठेव. एक मात्र बजावून सांग: सुट्टीवर आल्यावर ‘आता जातच नाही’ असं करायचं नाही. विनापरवानगी ३० दिवस गैरहजर राहिला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसते आणि माणूस पळपुटा ठरू शकतो. १३ वर्षांच्या चाकरीवर तो डाग नको.

आता तुझी खरी भीती. ती तू शेवटच्या ओळीत लिहिलीस, पण पत्र त्यासाठीच लिहिलंस असं मला वाटतं. अर्ज तुझ्या अक्षरात आणि तुझ्या शब्दांत गेला तर तो उद्या म्हणेलच. म्हणून लिहू नकोस. सासऱ्यांच्या तारखा, औषधं, खर्च एका कागदावर काढून त्याला पाठव, तेवढी मदत पुरे. मजकूर त्याने युनिटमधल्या बाबूकडून किंवा स्वतः लिहावा, तिथल्या नमुन्यात, तिथल्या भाषेत. सही करताना तो एकटा असेल, तर निर्णयही त्याचाच असू दे. आणि तुला तो घरी हवाय का, हेही त्याला एकदा स्पष्ट सांग. तुझ्या पत्रात मला ते कुठे सापडलं नाही.

तोवर सासऱ्यांना उचलायला गावातला एखादा धट्टाकट्टा पोरगा सकाळ-संध्याकाळ पगारी ठेव. त्याचे पैसे दर महिन्याला वेगळे पाठवावे लागतील, हे मिस्टरांना आज रात्रीच्या फोनवरच सांग.