फोरके घेतला, फरक कुठे?

प्रश्न : ४३ इंची फुल एचडी टीव्ही काढून त्याच मापाचा फोरके घेतला. ३ मीटरवरून चित्र होतं तसंच दिसतं. लॅपटॉप जोडला तर बारीक अक्षरं फिसकटतात. टीव्ही सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन सुटा ओळखता येतो. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर. फुल एचडीत तिथे १,९२० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, बसतात, म्हणजे एकेक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. १.७ मीटरच्या पलीकडून असे पिक्सेल सुटे दिसत नाहीत. मग ३ मीटरवरून फोरकेत एकाच्या जागी चार आले तरी डोळ्याला कळणार कसं? दीड मीटरच्या आत बसून पाहा, फरक दिसेल, अर्थात मूळ चित्रीकरण फोरके असेल तरच. बसायची जागा हलवायची नसेल तर पडदा ७५ इंचांहून मोठा लागेल.

पडद्यावर खिडकीचा उजेड पडत असेल तर आधी तो अडवा. काळा रंग राखाडी होतो आणि केस, कापडाची वीण असा फिका तपशील सर्वात आधी बुजतो. आमच्या मते पिक्सेलच्या आकड्यापेक्षा याकडे लक्ष देणं जास्त मोलाचं.

अक्षरांचं दुखणं सेटिंगमध्ये आहे. लॅपटॉपवर रिझोल्यूशन (आडवे-उभे पिक्सेल) ३८४०×२१६० ठेवा. अक्षरं लहान वाटली तर स्केलिंग (अक्षरं-चिन्हांचा आकार) वाढवा, रिझोल्यूशन कमी करू नका. टास्कबारची कड कापली जात असेल तर टीव्ही चित्र थोडं ताणतोय. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा. मग त्या एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ हे नाव द्या. बऱ्याच टीव्हींवर एरवी चार पिक्सेलना मिळून एकच रंग मिळतो आणि निळ्यावरची बारीक लाल अक्षरं हमखास पसरतात. शेवटी टीव्हीचा शार्पनेस : राखाडी पार्श्वभूमीवर काळी रेघ काढा आणि तिच्या कडेची पांढरी किनार जाईपर्यंत तो कमी करा.

प्रश्न : मोबाइलवर रेखीव दिसणारा फोटो मॉनिटरवर मऊ का पडतो?

उत्तर : ४,००० पिक्सेल रुंदीचा फोटो मोबाइलवर बराच आकसतो, त्यात हात हलल्याचा दोष आणि दाणेदारपणा झाकला जातो. मॉनिटरवर १०० टक्के आकारात, म्हणजे फोटोच्या एका पिक्सेलला पडद्याचा एक पिक्सेल असा, पाहिलात की ते उघडं पडतं. छापायचा असेल तर छपाईच्या मापाएवढा करून, ती प्रत जितक्या लांबून पाहिली जाणार तितक्याच अंतरावरून तपासा.