रेसमधून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतोय. पुण्यात वर्षभर रायडिंग करतोय. त्याला क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या पक्क्या अडथळ्यांवरच्या, उड्या शिकवायला किती महिने लागतील?

घोड्याचं नंतर बघू. तुमचे हात कसे आहेत?

रागावू नका, पण वर्षभराची रपेट आणि रेसचा घोडा ही जोडी ऐकली की माझं डोकं फिरतं. पुण्याबाहेरच्या एका क्लबात मी शिकवायचे. पावसाळी रेस सीझन संपला की तिथे एखाददुसरा घोडा यायचा. असाच एक आला आणि जेमतेम दोन फुटी ओंडक्यापुढे अडून बसला. सीनियर कोच म्हणाले, "नाटकं करतोय. कडक लगाम घाला आणि दोन चाबूक ओढा." मी म्हटलं, सर, वर बसलेला पोरगा ऐन उडीच्या वेळी लगाम खेचतोय. तोंडावर ताण आला की त्यावर रेलून पळायचं, एवढंच ट्रॅकवर घोडा शिकलाय. इथे ताण आहे आणि समोर ओंडका आहे, त्याने करायचं काय? तर सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही तुमच्या पोनीवाल्या मुलांचं बघा."

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आत मी घोड्याच्या गळ्यात रिकिबीचा जुना पट्टा बांधला, पोराला तो धरायला लावला आणि लगाम सैल सोडला. पुढे आमची म्हातारी घोडी, मागून हा दुडकीत. गेला ओंडक्यावरून. पुन्हा गेला. मग घोडी बाजूला घेतली, तरी गेला. सर आजही सांगतात की त्या दिवशी घोड्याचा मूड चांगला होता. असो.

तर महिने. ट्रॅकवरून आल्यावर काही महिने विश्रांती, मग नुसती चाल आणि दुडकी. मग जमिनीवरचे पोल, कॅव्हलेटी (जमिनीपासून जरा उचललेले पोल), ओंडका, शेवटी खड्डा आणि पाणी. वर्ष तरी धरा. तोवर तुम्ही हाफ सीटमध्ये, म्हणजे खोगिरावरून जरा उठून, टेकाडं चढा-उतरा, मांड पक्की होऊ द्या.

"जोरात आणा, आपोआप उडेल" हे सरांचं दुसरं लाडकं वाक्य. शो जंपिंगमध्ये पोल पडतो, क्रॉस-कंट्रीत ओंडका जागचा हलत नाही, पडता तुम्ही. आणि हिशोबही बघा: घोडा एकदा अडला की २० दंडगुण, उशिराला सेकंदामागे ०.४. म्हणजे एक नकार ५० सेकंदांना पडतो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या फवाद मिर्झाने क्रॉस-कंट्रीत एकही नकार होऊ दिला नाही, वेळेचे ११.२ तेवढे गेले. घाई कोणाला आहे?

हो, घोडा घेण्याआधी पुढच्या पायांच्या टेंडन्सचं अल्ट्रासाउंड व्हेटकडून करून घ्या. स्वस्तात का देतायत ते बहुतेक तिथेच कळेल. उन्हाळ्यात कडक मुरमावर उड्या नकोत. आणि बॉडी प्रोटेक्टर घातल्याशिवाय ओंडक्याकडे फिरकू नका, "काही होत नाही" म्हणणारा कोच कितीही सीनियर असला तरी.