तिसरा किलोवॅट महागात पडेल

प्रश्न : मी मिरजेची निवृत्त शिक्षिका. पुढच्या महिन्यात दोन लाखांची एफडी सुटते आहे. विजेचा वापर महिना सरासरी २२० युनिट, बिल साधारण २,१०० रुपये. सोलरवाला ३ किलोवॅट बसवा म्हणतो, ७८ हजार सबसिडी आहे. भाचा म्हणतो, हरित ऊर्जेचे शेअर घे. पुढेमागे नाशिकला लेकीकडे जायचंही मनात आहे.

उत्तर : ताई, सोलर बसवा, पण २ किलोवॅटच.

एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे दोनात महिन्याचे २४० झाले, तुमचं भागलं. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार मिळतात, तिसऱ्याला फक्त १८. तुम्ही पाठवलेली २ आणि ३ किलोवॅटची कोटेशन्स अनुक्रमे १.३० आणि १.९० लाखांची आहेत. सबसिडी वजा जाता ७० हजार आणि १.१२ लाख. वरचे ४२ हजार मोजून होणारी वीज तुम्ही वापरणारच नाही आणि मार्चअखेर उरलेल्या युनिटला महावितरण देतं तो दर अगदीच किरकोळ असतो. एप्रिल-मेची जादा वीज मात्र वाया जात नाही, ती महावितरणकडे जमा राहते आणि पावसाळ्यातल्या बिलात वळती होते. वाळवणासारखंच!

बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणून बचत महिना १,७०० धरू. वर्षाला २०,४००. तेच ७० हजार एफडीत ७ टक्क्यांनी ४,९०० देतील, तेही करपात्र. अर्थात एफडीचं मुद्दल परत मिळतं, पॅनेलचं नाही; ते वसूल व्हायला साडेतीन वर्षं लागतील. पॅनेल पंचवीस वर्षं चालतं, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मध्ये एकदा-दोनदा बदलावा लागतो. तेव्हा नाशिकचं आधी नक्की करा. तीन वर्षांच्या आत घर बंद होणार असेल, तर यात पडूच नका.

आणि लाइट गेली की हे सोलरही बंद होतं, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

भाच्याचं निम्मं बरोबर आहे. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा (सौर, पवन, जल, अणू वगैरे) वाटा निम्म्यावर गेला. पण उद्योग वाढला म्हणजे भागधारकाचं भलं झालंच असं नाही. सांगली-साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या अजून फिरताहेत. पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनचा शेअर मात्र २००८ च्या शिखरावरून नव्वद टक्क्यांहून जास्त कोसळला होता. निवृत्तीच्या पैशाला हा खेळ नको.

सबसिडी नंतर खात्यात येते, आधी पूर्ण १.३० लाख द्यावे लागतात. म्हणून उरलेले ७० हजार लगेच एफडीत टाका, सबसिडीचे ६० हजार आले की मग तेही. आणि गच्ची गळत असेल, तर वॉटरप्रूफिंग पॅनेलच्या आधी उरकून घ्या.