वास घेणे कधी थांबवू?

प्रश्न : आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. माझे यजमान मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख आहेत. चौदा वर्षे दारू प्यायल्यानंतर ते मे महिन्यात स्वतःहून व्यसनमुक्ती केंद्रात गेले आणि तेव्हापासून त्यांनी थेंबही घेतलेला नाही. मासेमारीबंदीचे दोन महिने निभावले. पण ऑगस्टमध्ये ट्रॉलर सुरू झाला आणि माझी झोप उडाली. ते घरी आले की चहा देण्याच्या निमित्ताने मी तोंडाचा वास घेते, अंघोळीला गेले की खिसे तपासते. परवा त्यांनी कप खाली ठेवला आणि "घे एकदाचा वास," असे म्हणून माझ्यासमोर तोंड उघडून बसले. दहावीतली मुलगी तिथेच उभी होती. आता गणपतीला मुंबईहून धाकटे दीर येतील आणि दरवर्षीप्रमाणे मागल्या पडवीत बाटली उघडेल. शेजारच्या काकी जेवणातून नकळत द्यायची गोळी आणून देते म्हणतात. मी काय करू?

उत्तर : आधी गोळीविषयी लिहिते, कारण त्यात जिवाला धोका आहे. अशी चोरून दिली जाणारी गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. दारूपासून शरीरात असिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते आणि एरवी यकृत त्याचा निचरा करते. ही गोळी तो निचराच अडवते, त्यामुळे थोडी दारू पोटात गेली तरी चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, उलट्या होणे आणि रक्तदाब कोसळणे असे सारे एकदम होऊ शकते. गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. मानसोपचारतज्ज्ञ ही गोळी देतात, पण रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. किनाऱ्यापासून कित्येक तास दूर असलेल्या माणसाला असा त्रास झाला, तर त्याला दवाखान्यात कोण आणि कसे पोहोचवणार? काकींना हात जोडून नाही म्हणा. तलफ कमी करणारी वेगळी औषधेही आहेत; त्यांविषयी दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारा.

आता वासाविषयी. फाटकाची कडी कशी वाजली यावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखायचे, अशी चौदा वर्षे तुम्ही काढलीत. ती सवय ते केंद्रातून परत आले म्हणून तुमच्या अंगातून जाणार नाही, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. पण पहाऱ्याने दारू सुटत नाही. ज्याला प्यायचीच आहे तो पहारा चुकवतो, आणि ज्याने सोडली आहे त्याला रोज संध्याकाळी आपल्याच घरात आरोपी होऊन बसावे लागते. सोडल्यानंतर कित्येक महिने झोप नीट लागत नाही, चिडचिड होते. त्यात रात्रभर समुद्रावर जागलेल्या माणसाचे डोळे लाल असणारच. मुलगी जवळ नसताना त्यांना एवढेच सांगा : "मला अजून भीती वाटते, म्हणून मी वास घेते. मला ते थांबवायचे आहे. प्यावीशी वाटली तर मला सांगाल का? मी ओरडणार नाही." शेवटचे वाक्य पाळता येईल अशी खात्री असेल तरच ते उच्चारा, कारण ते एकदा जरी मोडले तरी पुढच्या वेळी ते तुम्हाला काही सांगणार नाहीत. पैशांचे काय करायचे, हेही त्यांनाच ठरवू द्या; वाट्याची रक्कम घरी देण्याची कल्पना त्यांच्याकडून आली तर तिला वेगळाच अर्थ राहील.

दिरांशी मात्र आडून बोलू नका. ते गाडीत बसण्यापूर्वीच यजमानांनी फोन करून "मी सोडली आहे, यंदा घरात बाटली नको," असे सांगावे आणि त्या वेळी तुम्ही शेजारी असावे. दीर रागावले तर रागावू देत. गणपतीत भजनाची रात्र असतेच. चहा आणि उसळीची व्यवस्था यजमानांकडे द्या, म्हणजे त्यांचे पाय मागल्या पडवीकडे वळायला सवड राहणार नाही.

एवढे करूनही ते कधी घसरू शकतात. तसे झाले तर इतक्या महिन्यांची मेहनत वाया गेली असे समजू नका. त्या रात्री वाद न घालता दुसऱ्या दिवशी केंद्राला फोन करा. मात्र काही दिवस सतत पिऊन त्यांनी अचानक थांबवली आणि हात थरथरू लागले, घाम फुटला, फिट आली किंवा नसलेली माणसे दिसू लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. असा त्रास पहिल्या दोन-चार दिवसांत प्राणघातक ठरू शकतो. ताबडतोब रुग्णालय गाठा.

तुमच्या पत्रात तुमच्याविषयी झोप उडाल्याखेरीज एकही ओळ नाही. अमेरिकेत १९३५ साली मद्यपींनी एकमेकांना सावरण्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केले, आणि त्यांच्या घरच्यांना स्वतःच्या सभांची गरज आहे हे ओळखून १९५१ मध्ये अल-ॲनॉन उभे राहिले. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी हा गट आहे. यजमान होते त्या केंद्रात कुटुंबीयांची बैठक कधी असते, ते विचारा आणि जा. बाहेर पडणे जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. मुलीलाही तो क्रमांक द्या. तिने त्या संध्याकाळी जे पाहिले त्याबद्दल तिला आजच जवळ घेऊन विचारा, आणि ती बोलेल ते मध्ये न तोडता ऐका.